दावा एका शस्त्रक्रियेचा, चौकशी दहा वर्षांची

प्रश्न : माझी व पत्नीची एकत्रित मेडिक्लेम पॉलिसी जून २०१८ पासून खंड न पडता चालू आहे. विमा रक्कम ३ लाख रुपये होती, ती २०२३ च्या नूतनीकरणात ५ लाख केली. यंदा माझ्या पित्ताशयातील खड्यांची दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली. रुग्णालय कंपनीच्या यादीत नसल्याने २,१८,००० रुपये मी आधी भरले आणि सर्व मूळ कागद जोडून परताव्याचा दावा केला. तेव्हापासून टीपीएची, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेची, चार पत्रे आली आहेत. गेल्या दहा वर्षांतील सर्व डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रक्तदाब नेमका कधीपासून आहे याचा फॅमिली डॉक्टरांचा दाखला, दोघांपैकी कोणी मानसोपचार घेतले असल्यास त्याचा तपशील आणि कोणत्याही डॉक्टरकडून कोणतीही माहिती घेण्यास परवानगी देणारे, नावांच्या जागा कोऱ्या असलेले संमतिपत्र, अशा मागण्या त्यांत आहेत. मी घरी नसताना एक तपासनीस येऊन पत्नीकडून इंग्रजीत लिहिलेल्या दोन पानांवर सही घेऊन गेला. शेवटच्या पत्रात सात दिवसांत पूर्तता न केल्यास फाइल बंद करू, असे म्हटले आहे. रक्तदाबाची गोळी मी २०१६ पासून घेतो. एजंटला ते सांगितले होते, पण अर्जात त्याने ‘नाही’ लिहिले, असे आता कळते. हे सगळे देणे मला बंधनकारक आहे का?

उत्तर : आपण पाठविलेल्या चारही पत्रांच्या आणि पॉलिसीच्या प्रती मी वाचल्या. सगळे देणे बंधनकारक नाही. मात्र काहीच उत्तर न देणे हेही आपल्या हिताचे नाही, कारण पुढे प्रकरण विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, किंवा ग्राहक आयोगात गेले, तर विमाधारकाने सहकार्य केले नाही हा कंपनीचा पहिला बचाव असेल. त्यामुळे सात दिवसांच्या आत उत्तर जायला हवे. ते लेखी हवे, आणि प्रत्येक मागणी वेगळी काढून त्याचा दाव्याशी संबंध काय, हे विचारणारे हवे.

ही पत्रे का येतात, ते आधी समजून घ्या. शस्त्रक्रिया खरोखर झाली का, खर्च वाजवी आहे का, हे तपासण्याचा अधिकार कंपनीला आहे आणि त्यासाठी डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीचा अहवाल, शस्त्रक्रियेची नोंद, काढलेल्या पित्ताशयाचा तपासणी अहवाल, बिले आणि पावत्या पुरेशा आहेत. ते सर्व आपण दिलेले आहे. दहा वर्षांच्या चिठ्ठ्यांचा पित्ताशयाशी काहीही संबंध नाही. त्या मागण्याचा हेतू एकच दिसतो : पॉलिसी घेण्यापूर्वीचा एखादा आजार सापडावा आणि तो अर्जात लपवला होता, असे म्हणता यावे. दाखल होताना रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने केस पेपरवर ‘रक्तदाब, ८ वर्षांपासून’ अशी ओळ लिहिली असावी आणि तेथूनच हा धागा पकडला असावा, असा माझा तर्क आहे. केस पेपरवरील अशा एका ओळीने पुष्कळ दावे अडकलेले मी पाहिले आहेत.

आता आपल्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. विमा नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे इर्डाईच्या, २०२४ च्या नियमांनुसार आरोग्य विम्याचे ६० महिने अखंड पूर्ण झाल्यावर माहिती दडवली किंवा चुकीची दिली या कारणावरून पॉलिसीला अथवा दाव्याला आव्हान देता येत नाही. याला मोरॅटोरियमचा काळ म्हणतात आणि पूर्वी तो आठ वर्षांचा होता. आपली पॉलिसी जून २०१८ ची असल्याने हा काळ कधीच उलटून गेला आहे. २०२३ मध्ये वाढवलेल्या २ लाखांसाठी हे ६० महिने त्या वाढीच्या तारखेपासून वेगळे मोजले जातात आणि कंपनी त्यावर बोट ठेवू शकते, परंतु आपला दावा २,१८,००० रुपयांचा, म्हणजे मूळच्या ३ लाखांच्या आतला आहे, त्यामुळे वाढीव रकमेचा प्रश्न येथे उद्भवतच नाही. आपल्या उत्तरात हा हिशेब तारखांसह लिहा.

या संरक्षणाला एक अपवाद आहे, तो म्हणजे सिद्ध झालेली फसवणूक. येथे मला आपल्याशी स्पष्ट बोलले पाहिजे. अर्ज एजंटने भरला असला तरी त्याखाली सही आपली आहे आणि ‘मी तोंडी सांगितले होते’ एवढ्यावर न्यायालये सहसा समाधान मानत नाहीत. सतवंत कौर संधू यांच्या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मेडिक्लेममधील अशाच लपवलेल्या आजाराबाबत कंपनीच्या बाजूने कौल दिला होता. मात्र तेथे दडवलेला आजार मधुमेह व मूत्रपिंडाचा होता आणि उपचारही मूत्रपिंडाचेच होते. याउलट सुलभा प्रकाश मोटेगावकर यांच्या २०१५ च्या प्रकरणात, तो आयुर्विम्याचा वाद असला तरी, अर्जात न सांगितलेल्या कंबरेच्या दुखण्याचा हृदयविकाराने झालेल्या मृत्यूशी संबंध नव्हता, म्हणून दावा नाकारणे सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केले. आपला रक्तदाब आणि पित्ताशयातील खडे यांचा संबंध जोडणे कंपनीला अवघड जाईल, आणि चुकीची माहिती व हेतुपुरस्सर फसवणूक यांतले अंतर पुराव्याने भरून काढण्याची जबाबदारीही कंपनीचीच आहे. ती जबाबदारी आपण स्वतःच्या हाताने हलकी करू नका. रक्तदाब नाही, असे खोटे उत्तर आता कदापि लिहू नका, कारण जुन्या अर्जातील चुकीपेक्षा आजचे खोटे पत्र अधिक घातक ठरेल. मूळ अर्जाची प्रत मात्र कंपनीकडे लेखी मागा, म्हणजे ‘नाही’ कोणाच्या अक्षरात आहे आणि प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला होता, हे आपल्यालाही दिसेल.

दहा वर्षांच्या चिठ्ठ्यांबद्दल एवढेच लिहा की त्या आपल्यापाशी जपून ठेवलेल्या नाहीत. तशी वस्तुस्थिती असेल तरच, हे सांगायला नको. डॉक्टरांनीही आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्यात, एवढेच वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेत सांगितले आहे. विमाधारकाच्या हाताबाहेरची कागदपत्रे मागून दावा अडवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने गुरमेल सिंग यांच्या २०२२ च्या निकालात बजावले आहे. ते प्रकरण चोरीस गेलेल्या ट्रकचे होते, पण तत्त्व येथेही लागू करता येते. शिवाय दाव्यासाठी लागणारे कागद विमाधारकाकडे न मागता कंपनीने किंवा टीपीएने रुग्णालयाकडून मिळवावेत, असे इर्डाईच्या २९ मे २०२४ च्या मुख्य परिपत्रकात आहे. आपले रुग्णालय यादीबाहेरचे असल्याने कंपनी यावर वाद घालील, तरी हा मुद्दा आपल्या पत्रात नोंदलेला असू द्या.

फॅमिली डॉक्टरांच्या दाखल्याबाबत घाई करू नका. ओळखीपोटी डॉक्टर ‘रक्तदाब अलीकडचा आहे’ असे लिहून देतील आणि त्यांच्याच वहीतील २०१६ ची नोंद उद्या समोर येईल, तेव्हा आपण दोघेही अडचणीत याल. दाखला दिलाच तर तो नोंदींवरून आणि खरा असावा. तूर्त, रक्तदाबाचा या शस्त्रक्रियेशी काय संबंध आहे हे कंपनीने लेखी कळवल्यावर विचार करू, असे उत्तर पुरेसे आहे.

कोऱ्या संमतिपत्रावर सही करू नका. रुग्णाची गुपिते डॉक्टरांनी उघड करू नयेत, हे याच आचारसंहितेत आहे, आणि त्या बंधनातून त्यांना मोकळे करणारा कागद म्हणजे आपली संमती, म्हणून तर कंपनीला ती एवढी व्यापक हवी आहे. वैद्यकीय नोंदी ही संवेदनशील वैयक्तिक माहिती आहे आणि ती आवश्यक तेवढीच, लेखी संमतीने गोळा करावी, असे माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ चे नियम सांगतात. टप्प्याटप्प्याने लागू होत असलेला २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमती विशिष्ट हेतूपुरतीच असावी, हेच तत्त्व मानतो. पूर्ण नकार देण्याऐवजी आपण स्वतःच मर्यादित संमती लिहून पाठवा. मजकूर साधारण असा ठेवा : ‘दावा क्रमांक अमुक संदर्भात, अमुक रुग्णालयातील माझ्या अमुक ते अमुक तारखांच्या उपचारांच्या नोंदी पाहण्यास व त्यांच्या प्रती घेण्यास मी कंपनीला संमती देत आहे. ही संमती आजपासून ३० दिवसांपुरती असून अन्य कोणत्याही डॉक्टर, रुग्णालय, प्रयोगशाळा किंवा कालावधीस लागू नाही.’ असे पत्र हाती असताना आपण असहकार केला, असे कोणाला म्हणता येणार नाही.

मानसोपचारांची मागणी तर सरळ नाकारा. पत्नी एकाच पॉलिसीत असल्या तरी हा दावा त्यांचा नाही, आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने अशा माहितीच्या गोपनीयतेचा हक्क मानसिक आजार असलेल्या प्रत्येक व्यक्तीला दिला आहे. तो हक्क त्यांचा स्वतःचा असल्यामुळे त्यांच्या वतीने आपणही तो सोडून देऊ शकत नाही.

तपासनीस घरी येऊन गेला ही गोष्ट मला पत्रांपेक्षा अधिक खटकली. तो पोलीस नाही, घरात येण्याचा किंवा जबाब घेण्याचा कोणताही सक्तीचा अधिकार त्याला नाही. पत्नींनी स्वतंत्र पत्र लिहून, मजकूर इंग्रजीत होता, तो आपल्याला मराठीत वाचून दाखवला नाही, त्यातील विधाने आपली म्हणून मान्य नाहीत आणि त्याची प्रत मिळावी, असे तारीख घालून कंपनीला कळवावे. हे जितके लवकर होईल तितके चांगले, कारण चार महिन्यांनी घेतलेली हरकत मागाहून सुचलेली वाटते. यापुढे तो आला तर ओळखपत्र व नेमणुकीचे पत्र पाहावे आणि प्रश्न लेखी द्या, उत्तर लेखी देऊ, एवढेच सांगावे.

एकामागून एक पत्रे येण्यात एक मेख आहे, ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आपल्या पॉलिसीत, शेवटचा आवश्यक कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत आणि तपास करावा लागल्यास ४५ दिवसांत निर्णय देण्याचे, तसेच उशीर झाल्यास बँक दरापेक्षा २ टक्के अधिक दराने व्याज देण्याचे कलम छापलेले आहे. दर नव्या पत्राने ‘शेवटचा कागद’ पुढे ढकलला जातो आणि मुदत जणू सुरूच होत नाही. म्हणून उत्तराच्या अखेरीस, दाव्याच्या निर्णयासाठी आवश्यक ते सर्व कागद अमुक तारखेस दिले असून मुदत त्या दिवसापासून मोजावी, असे ठळकपणे लिहा. हे पत्र केवळ टीपीएला न पाठवता विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही ईमेलने व नोंदणीकृत टपालाने पाठवा. दावा नाकारण्याचा अधिकार टीपीएला नाही, तो कंपनीचा आहे. कंपनीलाही आपल्या दावा पुनरीक्षण समितीच्या मंजुरीशिवाय तो नाकारता येत नाही आणि नाकारताना पॉलिसीतील नेमके कलम सांगावे लागते. ‘फाइल बंद’ हा शब्द या व्यवस्थेत कोठेच बसत नाही. दावा मंजूर आहे की नामंजूर, आणि नामंजूर असल्यास कोणत्या कलमाखाली, असे विचारा. त्या उत्तराला पुढे फार किंमत येते, कारण नकाराच्या पत्रात नसलेले कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सौराष्ट्र केमिकल्सच्या २०१९ च्या निकालात म्हटले आहे.

महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा समाधानकारक आले नाही, तर नकाराची वाट न पाहता केवळ विलंबाच्या कारणावरूनही विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांचा विचार होतो आणि दिलेला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आपल्या प्रकरणात मी लोकपालाचाच मार्ग आधी सुचवीन, कारण मोरॅटोरियमचा मुद्दा कागदांवरूनच स्पष्ट आहे आणि त्यासाठी साक्षीपुराव्याची गरज नाही. ग्राहक आयोगात तक्रार प्रलंबित असेल तर लोकपाल अर्ज घेत नाहीत, म्हणून दोन्ही दारे एकदम ठोठावू नका. आयोगाकडे जायची वेळ आलीच तर मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे आणि आपण राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते.

आपल्या पॉलिसीचे नूतनीकरण येत्या जूनमध्ये आहे. वादाच्या रागात हप्ता थांबवू नका. पूर्वी दावा केला एवढ्या कारणावरून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही, पण आपल्याकडून खंड पडला तर २०१८ पासूनचे हे सगळे महिने हातचे जातील. हप्ता मुदतीपूर्वी भरा आणि नूतनीकरणाच्या अर्जात आरोग्याचा प्रश्न विचारला असल्यास तेथे रक्तदाबाची गोळी २०१६ पासून चालू असल्याचे स्वतःच्या हाताने लिहा.