एअर पिस्तूल घरी बनवायचंय म्हणतोस?

लेथवर तुझा हात बसलाय, मान्य. पण हा बेत सोड. मॅच पिस्तुलाच्या, म्हणजे स्पर्धेच्या एअर पिस्तुलाच्या, सिलिंडरमध्ये 200 बार दाबाची हवा असते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 200 किलो. भोसरीतून आणलेल्या कुठल्याशा पितळी तुकड्यावर एवढा भरवसा टाकू नये. त्यापेक्षा बालेवाडीच्या नेमबाजीच्या रेंजवर ये आणि तयार पिस्तुलाची झडप समजून घे. खरी गंमत तिथेच आहे.

रेग्युलेटर सिलिंडरचा दाब उतरवून एका छोट्या कप्प्यात ठरावीक दाबाची हवा भरतो. ट्रिगर ओढला की हातोडी झडपेवर आपटते, झडप क्षणभर उघडते आणि 4.5 मिमीचा छर्रा सुटतो. सिलिंडर अर्धा झाला तरी छर्र्याचा वेग तोच राहतो, तो रेग्युलेटरमुळे. पूर्वी कार्बन डायऑक्साइड वापरायचे. त्याचा दाब तापमानाबरोबर हलतो: 20 अंशांना 57 बारच्या आसपास, आपल्या एप्रिलच्या दुपारी बराच वर. मग नेम कसला जुळतोय!

सिलिंडर लावताना फुसफुस ऐकू आली तर आधी ओ-रिंग, म्हणजे जोडावरची रबरी कडी, बघ. धुळीचा एक कण पुरतो. पुसून सिलिकॉन ग्रीस लाव, तेही नावापुरतं. शिलाई मशीनचं तेल चुकूनही नको, एवढ्या दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. पावसाळ्यात हातपंपाने भरत असशील तर पंपातलं पाणी मध्येमध्ये काढ. जुनं पिस्तूल घेतलंस तर सिलिंडरवरची तारीख वाच. मुदत संपलेला सिलिंडर बाद, विकणारा काहीही सांगो.