एस्प्रेसोसाठी छोटा ग्राइंडर: पंधरा हजारांच्या आत कोणता घ्यावा?

तुमची अडचण थोडक्यात अशी: ओट्यावर एस्प्रेसो मशीनच जेमतेम मावलंय, ग्राइंडरसाठी पंधरा हजारांच्या वर जायचं नाही, आणि घरचे विचारतात, मिक्सर असताना हे आणखी कशाला?

आधी घरच्यांचं बघू. मिक्सरचं पातं बिया तोडतं, दळत नाही. एकाच भांड्यात थोडी भरड राहते, थोडी पार भुकटी होते. एस्प्रेसोत साधारण 9 बार दाबाने पाणी कॉफीतून जातं. ते भरडीतून वाट काढून पळतं आणि भुकटीतून नको तेवढं ओढून घेतं, म्हणून एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही लागतं. बरचा ग्राइंडर म्हणजे जातंच. दोन तळ्या (त्यांनाच बर म्हणतात), मधली फट आपण ठरवलेली, आणि त्या फटीतून जाण्याइतका बारीक झाल्याशिवाय दाणा बाहेर पडत नाही. माझ्या आजीने आयुष्यभर जात्यावर दळलं होतं. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मग मिक्सरात कशाला घालतोस?"

पैसे खर्चण्याआधी एक काम करा. मशीनची बास्केट, म्हणजे कॉफी भरायची छोटी वाटी, काढून उलटी धरा. खालच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढं एकच छिद्र असेल तर ती प्रेशराइज्ड बास्केट. तिच्यात फेस त्या छिद्रामुळे येतो, दळण कसंही असलं तरी. चांगल्या ग्राइंडरचा फरक तिच्यात नीट कळणारच नाही. पूर्ण तळाला जाळी असलेली साधी बास्केट आधी आणा, तुमच्या मशीनच्या मापाची. डेलाँगीच्या डेडिकासारख्या छोट्या मशीनला 51 मिमीची लागते, मोठ्यांना बहुतेक 58.

आता ग्राइंडर. या बजेटात मी हाताने फिरवायचाच घ्या म्हणेन. विजेच्या स्वस्त ग्राइंडरात तुमचे पैसे मोटरीत आणि डब्यात जातात, हातच्यात ते बर आणि बेअरिंगमध्ये जातात. शिवाय तो ओट्यावर ठेवावाच लागत नाही, चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये आडवा राहतो.

पण सगळे हातग्राइंडर एस्प्रेसोला चालत नाहीत, आणि हे मला पैसे घालवून कळलं. माझा पहिला पोअरओव्हरला, म्हणजे वरून गरम पाणी ओतून गाळायच्या कॉफीला, सुंदर होता. एस्प्रेसोला मी 18 ग्रॅम कॉफी घालतो आणि 25 ते 30 सेकंदांत 36 ग्रॅम कपात उतरावी अशी अपेक्षा असते. त्या ग्राइंडरवर एका क्लिकला (फट कमी-जास्त करायच्या चकतीच्या एका टप्प्याला) 17 सेकंदांतच सगळं खाली यायचं, धार पिवळट आणि चव पाणचट. एकच क्लिक बारीक केलं की 50 सेकंद उलटले तरी थेंब थेंब. मधलं काही नव्हतंच. तीन आठवडे मी बिया बदलत होतो, बास्केटमधली कॉफी जोरात दाबत (टॅम्प करत) होतो. खरी गोष्ट एवढीच होती की एका क्लिकला बर फार सरकत होता.

तेव्हा दुकानदाराला बाकी काही विचारू नका, एका क्लिकला फट किती मायक्रॉन बदलते ते विचारा. किंगग्राइंडर के6 मध्ये ती 16 मायक्रॉन बदलते आणि तो तुमच्या बजेटात बसतो. मी तोच घ्या म्हणतो. वनझेडप्रेसोच्या जे-अल्ट्रात 8 मायक्रॉन, म्हणजे आणखी बारीक नियंत्रण, पण किंमतही वर. तुम्ही लाइट रोस्ट, म्हणजे कमी भाजलेली कॉफी पिणारे असाल तरच त्याचा विचार करा.

कष्ट किती? 18 ग्रॅमला मिनिट-दीड मिनिट, डार्क रोस्ट असेल तर हात हलका चालतो. सकाळी दोन कप असतील तर काहीच वाटत नाही. घरात चार-पाच जण एस्प्रेसोवाले असतील किंवा कुणाचा खांदा, मनगट दुखत असेल तर मात्र हा सल्ला सोडा आणि थोडं थांबून विजेचाच घ्या. बराट्झा एनकोर ईएसपीच्या 40 सेटिंगपैकी पहिल्या 20 खास एस्प्रेसोसाठी आहेत. डीएफ54 मध्ये 54 मिमीचे सपाट बर मिळतात. दोन्ही पंधरा हजारांत येणार नाहीत. आणि अमेरिकेतल्या भाच्याला आणायला सांगणार असाल तर तिकडचं मॉडेल 120 व्होल्टचं असतं, ते इथल्या 230 व्होल्टवर थेट लावलं तर जळेल. हातच्याला ती भानगड नाही.

उन्हाळ्यात दळण डब्याच्या कडांना चिकटतं, टेबलभर उडतं. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एक थेंब टाकून ढवळा. हा जुना घरगुती उपाय, पण ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2023 मध्ये तपासून दाखवलंय की ओलावा असला की दळताना स्थिर वीज कमी तयार होते.

बिया घालताना नजर टाका, चुकून खडा आला तर बरची धार जाते. साफ करायला कोरडा ब्रश पुरे. पाणी लावू नका. आणि मिक्सरमध्ये घालतो तसे तांदूळ यात घालू नका, ते कॉफीच्या बियांपेक्षा कठीण असतात.