रोज्यात खर्ऱ्याची तलफ येते, म्हणजे इमान कच्चं का?

रमजानच्या पहिल्या आठवड्यात हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणारा बहुतेकदा मान खाली घालूनच विचारतो. रोजा ठेवतो, पण दिवसभर जीव चहात नाहीतर खर्ऱ्यात, म्हणजे सुपारी-चुना घालून घोटलेल्या तंबाखूत, अडकलेला असतो. असा रोजा काय कामाचा?

2025 च्या मार्चमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातले पंक्चर काढणारे भाऊ असेच माझ्याकडे समुपदेशनाला आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सोबत घरवाली. असरच्या (दुपारनंतरच्या नमाजच्या) सुमारास घरी आले की लेकरांवर भडकतात, ही तिची तक्रार. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. "भुकेचं काही नाही मॅडम, पाण्याबिगर बी निभते. पण समोरच्या पानठेल्यावर कोणी खर्रा घोटला का माह्यं ध्यान तिकडंच जाते. अल्लाहच्या नावानं उपाशी राहाचं अन् मनात खर्रा, हे पाप नाही का?"

बोलताना त्यांचा हात दोनदा शर्टाच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. हात बाहेर काढून ते मांडीवर तसाच दाबून बसले.

पापपुण्याचं उत्तर देणं माझं काम नाही, ते मशिदीत मौलानांना विचारा, असं मी सांगितलं. शरीराचं मात्र सांगू शकत होते. एरवी दिवसाला आठ-दहा खर्रे खाणारा माणूस. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणजे सकाळी दुकान उघडेपर्यंत शरीर मागणी करू लागणारच. चिडचिड, बेचैनी, कामात लक्ष न लागणं ही त्याचीच लक्षणं. तंबाखू पूर्ण सोडली तर हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो, मग हळूहळू उतरतो. भाऊ मात्र इफ्तारनंतर लगेच खर्रा तोंडात टाकत आणि झोपेपर्यंत दिवसभराची कसर भरून काढत. त्यामुळे उतार पडायच्या आधीच दुसऱ्या दिवशी तीच चढण. रिकाम्या पोटी तंबाखू, म्हणून तरावीहला (रमजानमधल्या रात्रीच्या नमाजला) उभं राहिलं की गरगरायचं ते वेगळंच.

दुपारच्या डोकेदुखीचा हिशेब सोपा निघाला. सहरीला (पहाटे रोजा सुरू होण्याआधीच्या जेवणाला) ते घाईत भाकर खाऊन पाणी पीत, चहा नाही. शेवटचा चहा आदल्या संध्याकाळचा. चहाची सवय असलेल्याचं डोकं शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांत धरतं. सहरीला एक कप घ्या आणि पाणी भरपूर प्या, एवढंच सुचवलं. दोन-तीन दिवसांत डोकं बरंच हलकं झालं. (साखरेची किंवा बीपीची गोळी चालू असेल, तर रोज्यातल्या वेळा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.)

खरी गाठ पुढे सुटली. रोज अकराच्या सुमारास चौकातल्या कॅन्टीनवर ते आणि तीन दोस्त बसत. कापसाचे भाव, कुणाच्या पोरीचं जमलं, सगळं तिथेच. रमजान लागल्यापासून भाऊ जाईनात, आणि दोस्तही यांच्या रोज्याचा मान राखून दुकानामागे जाऊन चहा घेऊ लागले. कुणी कुणाला काही बोललं नव्हतं. "दिवसभर एकटाच बसतो मॅडम," एवढं सांगून ते गप्प झाले, आणि घरवाली पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून पाहू लागली. चहाच्या नावाखाली त्यांना ती बैठक आठवत होती. माझ्या मते रमजानमधल्या निम्म्या तलफेमागे हेच असतं, आणि माणूस उगाच स्वतःच्या इमानावर शंका घेत बसतो.

मग ठरवलं: जोहरच्या (दुपारच्या) नमाजनंतर दोस्तांसोबत लिंबाखाली बसायचं, पानठेल्यापासून लांब. इफ्तारला खजूर, पाणी, टरबूज, मगरिबची (सूर्यास्तानंतरची) नमाज, मग पोटभर जेवण, आणि त्यानंतर तासभर तरी खर्रा नाही. घरात आल्यावर पंधरा मिनिटं लेकरांशी बोलणं नको, सरळ पडून राहायचं. हे घरवालीनेच सुचवलं, आणि सगळ्यात आधी लागू पडलं ते हेच.

पुढच्या भेटीत ते जरा मोकळे दिसले. मनात विचार आल्यानं रोजा तुटत नाही, तलफ आवरणं हाच तर सब्र (संयम), असं मौलानांनी सांगितलं होतं. एका शुक्रवारी तिन्ही दोस्त इफ्तारला घरी येऊन गेले होते.

ईदनंतर खर्रा सुटलेला नाही. दिवसाला तीनवर आला आहे. दिवसभर तोंडात न घालता राहता येतं, हे त्यांनी रमजानभर स्वतः करून पाहिलं होतं, म्हणून तंबाखू सोडण्याचं समुपदेशन आम्ही तिथूनच सुरू केलं. मधल्या दिवसांत अडलं तर 1800-11-2356 हा सरकारी मोफत क्रमांक त्यांच्या घरवालीने फोनमध्ये साठवून ठेवला आहे.