आधी आईची तपासणी, मग तुमची

प्रश्न : मी ३४ वर्षांची, मनीषनगरला राहते. आईला ४३व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, किमो, शेक सगळं झालं, आता ती ठणठणीत आहे. मावशी मात्र अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. डॉक्टर मला ‘बीआरसीए’ची, म्हणजे कॅन्सरचा आनुवंशिक दोष शोधणारी, रक्ततपासणी सुचवतात. आई म्हणते, “आता कायले ते उकरून काढतं?” सासूबाईंना वाटतं, रिपोर्ट खराब आला तर दुसऱ्या मुलाचं राहूनच जाईल. भाऊ म्हणतो, हा बायकांचा विषय. मला सहा वर्षांची मुलगी आहे. तिचीही तपासणी करावी का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, तुमच्या घरात ही तपासणी व्हायलाच हवी. पण पहिली तुमची नको, आईची.

जिला कॅन्सर झाला तिच्या रक्तात जनुकाचा दोष सापडला, की तुमच्या रक्तात नेमका तेवढाच शोधायचा. मग तुमच्या ‘निगेटिव्ह’ला खरा अर्थ येतो. आईला वगळून तुमची केली आणि काही निघालं नाही, तर दोष तुमच्याकडे आला नाही, की घराण्यातला दोष या तपासणीत दिसणाराच नाही, हे कळायला मार्ग नाही. असा अर्धवट रिपोर्ट पर्समध्ये ठेवून निर्धास्त झालेल्या मुली माझ्या ओपीडीत येतात, तेव्हा जीव कळवळतो.

आईला सांगा, हे तिच्यासाठीही आहे. दोष असेल तर दुसऱ्या स्तनाला आणि अंडाशयाला धोका उरतोच. तिची जुनी फाईल काढा. बायोप्सीच्या कागदावर ईआर, पीआर (गाठीवर हॉर्मोनचा परिणाम होतो का) आणि हर-टू (एक प्रथिन) अशा तीन चाचण्यांच्या ओळी असतील. तिन्ही निगेटिव्ह असतील तर संशय आणखी बळावतो. वडिलांकडचंही विचारून ठेवा. घराण्याचा तक्ता काढताना आमच्याकडे बायका मावश्या सांगतात आणि आत्या विसरतात. हा दोष वडिलांकडूनही तितकाच येतो.

स्तनाच्या शंभर कॅन्सरांत आनुवंशिक जेमतेम पाच ते दहा. पण कमी वयात आईला स्तनाचा आणि मावशीला अंडाशयाचा, ही जोडी मला स्वस्थ बसू देत नाही. आईत दोष निघाला तर तो तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी, भावातही निम्मी. पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो, आणि बीआरसीए-१ व बीआरसीए-२ या दोन जनुकांपैकी दुसऱ्यात दोष असेल तर प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका वाढतो. त्याच्या मुलांचाही प्रश्न आहेच.

तुमच्यात दोष निघालाच, तर ऐंशीपर्यंत स्तनाच्या कॅन्सरचा धोका ७० टक्क्यांच्या आसपास जातो. आकडा घाबरवणारा आहे, पण हाताशी उपायही आहेत. दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी करून गाठ लहान असतानाच पकडता येते. आधीच स्तन काढून टाकणं हाही एक पर्याय, पण तो सर्वस्वी तुमचा निर्णय, कोणी घाई करू नये. अंडाशयाचं वेगळं. तिथला कॅन्सर लवकर पकडणारी भरवशाची तपासणी नाही, म्हणून मुलं झाल्यावर अंडाशय आणि नलिका काढायला आम्ही सांगतो. बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४०, बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५ या वयात. सासूबाईंना हेच समजावून सांगा. दुसऱ्या मुलाच्या आड रिपोर्ट येत नाही, उलट मूल कधी हवं ते आत्ताच ठरवता येतं.

कधी कधी ‘अर्थ स्पष्ट नसलेला बदल’ असं उत्तर येतं. त्यावर कोणतंही ऑपरेशन करू नका. अशा वेळी रिपोर्टचा अर्थ समजावणारा जनुकीय समुपदेशक लागतो, म्हणून रक्त देण्याआधीच त्याला भेटा. नागपुरातच मेडिकलमध्ये (सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) किंवा तुकडोजी कॅन्सर रुग्णालयात आधी चौकशी करा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सचा वेगळा विभागच आहे.

मुलीची तपासणी आत्ता नको. १८ पूर्ण झाली की तिचं ती ठरवेल.