रोज काढतो, तरी हात का सुधारत नाही?

वाचकांचे प्रश्न : पेन्सिल चित्रकला

या वेळी सोलापूरहून आलेली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत: सराव नेमाने चालू आहे, पण चित्र आहे तिथेच आहे. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. पहिलं उत्तर सगळ्यांनीच वाचावं, कारण पुढची उत्तरं त्याच्या आधारावर दिली आहेत.

प्रश्न : गेलं वर्षभर मोबाइलवरचे फोटो पाहून रोज एक चित्र काढते. वह्या भरल्या, पण पहिली वही आणि आताची वही शेजारी ठेवली तर फरक फारसा दिसत नाही. कुठे चुकतंय? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : तुमच्या सरावात काढणं आहे, तपासणं नाही. चूक कोणती ते कळल्याशिवाय रोज काढत राहिलं, तर चित्राबरोबर ती चूकही हातात पक्की बसते. शिवाय फोटोत खोलीचं काम कॅमेऱ्याने आधीच उरकलेलं असतं. कुठली कड पुढे, कुठली मागे हे ताडायची डोळ्याला गरज उरत नाही. म्हणून दोन महिने फोटो बाजूला ठेवा आणि घरातली एकच साधी वस्तू समोर घ्या: तांब्या, कप, शेंगाचटणीची बरणी, काहीही.

रोजच्या पाऊण तासाची वाटणी अशी करा. पहिली ५ मिनिटं नुसत्या रेषा. साधारण १५ सेंटिमीटर अंतरावर दोन ठिपके द्यायचे आणि एका झटक्यात जोडायचे. नजर पेन्सिलीच्या टोकावर नको, पोचायच्या ठिपक्यावर हवी. मनगट स्थिर ठेवून हात कोपरापासून फिरवायचा. अशा वीस-पंचवीस रेषा पुरे.

पुढची २० मिनिटं वस्तू काढा, खोडरबर हाताशी न ठेवता. वस्तू चार-पाच फुटांवर असू द्या आणि बोर्ड मांडीवर तिरपा धरा. कागद टेबलावर सपाट ठेवला तर त्याचा वरचा भाग डोळ्यापासून लांब पडतो आणि आखूड दिसतो. ते भरून काढायला हात नकळत वरचा भाग ताणून काढतो. मग कागद भिंतीला लावल्यावर तांब्याचा गळा लांबलेला दिसतो आणि कारण कळत नाही.

त्यानंतरची १५ मिनिटं तपासणी, आणि सगळ्यांत जास्त शिकणं इथेच होतं. चित्र पाच-सहा पावलांवरून पाहा. मग आरशात पाहा: एका बाजूला कललेलं चित्र काढताना डोळ्याला त्या कलाची सवय होते, आरशात तोच कल उलट्या बाजूला जातो आणि लगेच नजरेत भरतो. मग कागद उलटा करा आणि फक्त रिकाम्या जागा पाहा. कपाचा कान आणि कपाचं अंग यांच्यामधली फट समोरच्या वस्तूत जशी दिसते तशीच चित्रात आहे का? नावाच्या वस्तूपेक्षा बिननावाची फट डोळा जास्त प्रामाणिकपणे पाहतो.

शेवटी मापं. हात कोपरात पूर्ण ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिल उभी. टोक वस्तूच्या वरच्या कडेवर आणायचं, अंगठा खालच्या कडेवर. तेच माप आडवं फिरवून रुंदीत किती वेळा बसतं ते पाहायचं. कोपर जरा वाकलं की माप बदलतं, म्हणून ‘पेन्सिलीचं माप चुकतं’ अशी तक्रार असणाऱ्यांनी आधी कोपर तपासावं. आता तेच गुणोत्तर कागदावर मोजा. फोटोचा उपयोग करायचाच तर इथे करा: डोळा होता त्याच जागेवरून एक फोटो घ्या आणि चित्राशी ताडून पाहा.

सापडलेली एकच चूक लाल पेनाने पानाच्या खाली लिहा, तारखेसह. ‘चांगलं आलं नाही’ असं लिहून काही उपयोग नाही. ‘गळा उंचीच्या मानाने रुंद झाला’ असं लिहिलं तर उद्याचं काम ठरतं. चुका शोधायचा क्रमही पाळा: आधी कागदावरची मांडणी, मग उंची-रुंदीचं प्रमाण, मग कडांचे कोन, मग वळणं, आणि छटा सगळ्यांत शेवटी. प्रमाण चुकलेल्या तांब्यावर तासभर शेडिंग केलं तर तो तास वाया गेला. उरलेल्या ५ मिनिटांत चुकलेला भाग तेवढाच तीनदा काढा, पूर्ण चित्र नको.

प्रश्न : मी नववीत आहे. यंदा एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेला बसणार आहे. वस्तुचित्रात घागरीचं तोंड दोन्ही टोकांना टोकदार होतं आणि घागर तरंगल्यासारखी दिसते. काय करू? (एक विद्यार्थी, विडी घरकुल)

उत्तर : तुझ्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, लंबवर्तुळ. घागरीचं तोंड गोल आहे हे तुला माहीत आहे आणि तळ जमिनीला टेकलेला आहे हेही माहीत आहे. म्हणून मन तोंड गोलसर काढतं आणि तळाला सरळ रेघ ओढतं. प्रत्यक्षात दिसतं वेगळं.

काचेचा ग्लास घे आणि डोळ्यासमोर अगदी नजरेच्या उंचीवर धर. तोंडाची कड सरळ रेघ दिसेल. ग्लास हळूहळू खाली ने: तोंड उघडत जातं, लंबवर्तुळ फुगत जातं. म्हणजे नजरेच्या रेषेपासून वर्तुळ जितकं खाली, तितकं ते जास्त उघडं. घागर जमिनीवर आणि तू स्टुलावर असशील तर तळाचा वाक तोंडाच्या वाकापेक्षा जास्त गोल हवा. तू नेमकं उलट काढतोस, म्हणून घागर तरंगते.

काढायची रीत अशी. आधी उभी मध्यरेषा. तोंड, गळा, पोट आणि तळ यांच्या उंचीच्या खुणा त्या रेषेवर कर. प्रत्येक खुणेवर आडवी रेषा टाक, मध्यापासून डावी-उजवी अंतरं समान ठेव. मग लंबवर्तुळाची उंची ठरव, ती डोळ्याने नाही तर पेन्सिलीने मोजून: तोंडाच्या रुंदीत तोंडाची दिसणारी उंची किती वेळा बसते? चार वेळा बसत असेल तर चारास एक. आता पेन्सिल कागदाला न टेकवता हवेतल्या हवेत दोन-तीन फेऱ्या फिरव आणि त्याच वेगात हलकेच टेकव. हात खांद्यापासून फिरू दे. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा वेगळा काढून जोडलास की जोडाच्या जागी टोक येणारच. मागची न दिसणारी बाजूही पूर्ण काढ, ती नंतर पुसता येते. टोकाजवळ वळण अरुंद असतं, पण ते वळणच असतं, कोपरा नव्हे.

आडवा पडलेला तांब्या मांडला तर मध्यरेषाही तिरपी होते. लंबवर्तुळाचा आखूड व्यास त्या तिरप्या मध्यरेषेवरच राहतो आणि लांब व्यास तिला काटकोनात. इथे पुष्कळ मुलं तोंड आडवंच ठेवतात आणि तांब्या मोडल्यासारखा दिसतो.

एका रविवारी भुईकोट किल्ल्याच्या गोल बुरुजासमोर उभा राहा. बुरुजाचा माथा नजरेच्या खूप वर आहे, म्हणून त्याची कड मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरती दिसते. तुझ्या डोळ्याच्या उंचीवर असलेला दगडांचा थर मात्र जवळजवळ सरळ दिसतो. घागरीचाच नियम, वरच्या बाजूने. चित्र पूर्ण करायची गरज नाही, थरांच्या पाच-सहा रेषा काढून आण.

घरी ११ बाय १५ इंचाच्या कागदावर मोठं काढ. वहीच्या छोट्या चौकोनात सगळं बोटांनी काढलं जातं, आणि परीक्षेच्या कागदावर हात अडखळतो.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत शिफ्ट असते. दिवसाला पंधरा मिनिटांवर वेळ मिळत नाही. माणसं काढायची आहेत, पण ती थांबतच नाहीत. (एक वाचक)

उत्तर : पंधरा मिनिटं रोजची असतील तर पुरेशी आहेत, रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा ती बरी. माणसं थांबत नाहीत हे गृहीत धरूनच काढा. एका चित्राला एकच मिनिट द्या. नाक-डोळे, बटणं, चप्पल काहीही नको. पहिली रेषा डोक्यापासून भार पडलेल्या पायापर्यंत, दुसरी खांद्यांचा कल, तिसरी कमरेचा कल. एका पायावर भार देऊन उभ्या माणसाची त्या बाजूची कंबर वर जाते आणि खांदा बहुतेक वेळा खाली येतो.

तपासायला सोपी खूण आहे. गळ्याच्या खळगीतून सरळ खाली उभी रेषा सोडा. माणूस एका पायावर उभा असेल तर ती त्या पायाच्या घोट्याजवळ पडते. तुमच्या चित्रात ती बाहेर पडत असेल तर माणूस पडतोय असं वाटेल, मग चेहरा कितीही छान असो. एसटी स्टँड आणि चहाची टपरी या सरावाच्या उत्तम जागा आहेत, कारण वाट पाहणारा माणूस थोड्या थोड्या वेळाने त्याच पवित्र्यात परत येतो. त्याने पवित्रा बदलला की अर्धं चित्र सोडून नवं सुरू करा. तो परतला की जुनं पुढे न्या.

प्रश्न : शेडिंग केलं की चित्र मळकट दिसतं. सगळं एकाच करड्या रंगाचं होतं. चादरीच्या घड्या तर जमतच नाहीत. (एक वाचक, नवी पेठ)

उत्तर : मळकटपणाची कारणं बहुतेक तीन असतात. एकाच एचबी पेन्सिलीने गडद आणायचा प्रयत्न, बोटाने घासणं, आणि घामेजला हात. एचबी दाबून चालवली की कागद चकाकतो, काळा होत नाही. रेखाटनाला एचबी, मधल्या छटांना टूबी, गडदाला फोरबी किंवा सिक्सबी वापरा. कागद झेरॉक्सचा गुळगुळीत नको, चित्रकलेचा किंचित खरबरीत कार्ट्रिज कागद घ्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात तळहाताखाली एक कोरा कागद ठेवणं गरजेचंच आहे. बोटाचं तेल कागदात मुरलं की तो डाग खोडरबरानेही नीट निघत नाही.

आता छटा. कागदाच्या कडेला पाच चौकोन आखा: पहिला कोरा, पाचवा जितका काळा होईल तितका, मधले तीन समान पायऱ्यांचे. चित्र सुरू करण्याआधी डोळे बारीक करून वस्तूकडे पाहा. बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि उजेड-सावलीचे मोठे तुकडे उरतात. प्रत्येक तुकड्याला पाचपैकी एक क्रमांक द्या. चित्र करडं होतं तेव्हा बहुतेक सगळे तुकडे दोन ते तीन क्रमांकांत अडकलेले असतात. पाचवा कुठेच नसतो आणि पहिला पुसटलेला असतो. सावलीच्या आत परतलेला उजेड दिसतो, तो चौथा असू शकतो, पण उजेडाच्या बाजूइतका कधीच नाही. इथे हमखास चूक होते.

उजेड एकाच बाजूचा हवा. खिडकी आणि ट्यूबलाइट दोन्ही चालू असतील तर प्रत्येक वस्तूला दोन सावल्या पडतात आणि काय काढावं ते कळत नाही. सकाळी खिडकीजवळ, ट्यूब बंद करून बसा.

चादरीची नक्षी डोळ्याला घडी पाहू देत नाही. आधी एकरंगी पंचा खुंटीला एका टोकाने लटकवा आणि घड्या कुठून ओढल्या जातात ते पाहा: त्या खुंटीपासून पसरत खाली जातात. तो आठ-दहा वेळा जमला की मग सोलापुरी चादर घ्या. आधी घड्यांची छटा, नंतर नक्षी, आणि नक्षीची रेघ प्रत्येक घडीवर मोडत-वळत न्या. ती सरळ ओढली की चादर कागदासारखी सपाट दिसते.

प्रश्न : आजोबांचा चेहरा काढला. डोळे, नाक छान आले, पण आजोबा ओळखू येत नाहीत. (एक वाचक, सात रस्ता)

उत्तर : सुटे अवयव नीट आले, त्यांच्यामधली अंतरं चुकली. डोळ्यांची रेषा टाळू ते हनुवटी या उंचीच्या साधारण मध्यावर येते. बहुतेक जण ती वर नेतात, कारण कपाळ आणि केस त्यांना ‘रिकामे’ वाटतात. समोरून पाहिलं तर दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याचं अंतर असतं, आणि कान भुवई ते नाकाचं टोक या पट्ट्यात बसतो. ही सरासरी झाली. ओळख पटते ती सरासरीपासून आजोबा कुठे वेगळे आहेत तिथे: हनुवटी आखूड आहे का, कान वयामुळे लांबलेले आहेत का. दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे कोपरे आणि हनुवटी यांचा त्रिकोण आधी जुळवा. तो चुकला असेल तर पापण्यांवर वेळ घालवू नका. फोटोवरून काढायचं असेल तर हातभर अंतरावरचा सेल्फी नको, त्यात नाक मोठं आणि कान मागे गेलेले येतात. दीड-दोन मीटरवरून घेतलेला फोटो घ्या.

प्रश्न : सिद्धेश्वर तलावावर बसून मंदिराचं चित्र काढते. पाण्यातलं प्रतिबिंब खोटं वाटतं. (एक वाचक)

उत्तर : प्रतिबिंब नेहमी वस्तूच्या सरळ खाली येतं, तिरपं काढलं असेल तर आधी ते सुधारा. उंची पाण्याच्या पातळीपासून मोजायची. काठापासून मागे असलेल्या शिखराखाली पाणी आहे असं समजून, त्या पातळीपासून वर जितकं तितकंच खाली. त्यामुळे मागच्या इमारतीचा खालचा भाग पाण्यात दिसत नाही, काठ त्याला झाकतो. वरचं चित्र जसंच्या तसं उलटं केलं की खोटं वाटतं ते यामुळेच. छटेतही फरक ठेवा: गडद भाग पाण्यात किंचित उजळ, उजळ भाग किंचित गडद.

प्रश्न : लाल पेनाने रोज चूक लिहायची म्हणजे हातच गळून जातो. आणि रंग केव्हा सुरू करावेत? (एक वाचक, होटगी रस्ता)

उत्तर : म्हणूनच पानाला एकच चूक, दुसरी दिसली तरी ती उद्यासाठी. त्याच्याखाली निळ्या पेनाने एक जमलेली गोष्टही लिहा, तितकीच नेमकी: ‘तळाचा वाक बरोबर’. आपलं चित्र दुसऱ्याच्या चित्राशी ताडू नका, स्वतःच्या जुन्या पानाशी ताडा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तीच वस्तू, त्याच जागी, त्याच उजेडात काढा. मधली पानं त्या दिवशी उघडू नका, फक्त हे महिन्याचं पान मागच्या महिन्याच्या पानाशेजारी भिंतीला लावा.

रंगांसाठी कसोटी अशी: पाच छटांचं पेन्सिल चित्र दहा फुटांवरून घरातल्या कुणालाही दाखवा आणि उजेड कुठून येतोय ते विचारा. उत्तर न अडखळता बरोबर आलं की एकच तपकिरी जलरंग घेऊन सुरू करा. तेच पाच चौकोन, या वेळी पाण्याचं प्रमाण बदलून.