लॉक होतं तरी सायकल गेली

प्रश्न: मुलाला गिअरची सायकल घेऊन दिली होती, सात रस्ता चौकात क्लासच्या खालून गेली. केबल लॉक लावलेलं होतं हो. आता दुसरी घ्यायचीय, लॉक कुठलं घेऊ?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, आधी एक, मुलाला रागवू नका, त्यानं लॉक लावलं होतं, लॉकच कच्चं होतं. त्या रंगीत प्लास्टिकच्या आत नुसता बारीक तारांचा पीळ असतो, चांगला कटर असला की काही सेकंदांत तुटतो. यू-लॉक घ्या, म्हणजे यू आकाराच्या जाड दांड्याचं, चांगलं पोलादी असेल तर कापायला ग्राइंडर लागतो आणि त्याचा आवाज चार लोकांना ऐकू जातोच.

पण लॉक भारी घेऊन भागत नाही, ते अडकवायचं कुठं हे जास्त महत्त्वाचं. नुसत्या पुढच्या चाकात घातलं तर चोर चाक तिथंच सोडून बाकीची सायकल नेतो, क्विक रिलीजचं चाक तर पान्याशिवाय निघतं. म्हणून मागचं चाक आणि फ्रेम दोन्ही एकत्र धरून पक्क्या गाडलेल्या खांबाला किंवा ग्रिलला लॉक करायचं, लॉकच्या आत मोकळी जागा जितकी कमी तितकं बरं, नाहीतर पहार घालून पिरगळतात. लॉक जमिनीला टेकू द्यायचं नाही, टेकलं की हातोडा मारायला सोपं जातं. आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानाकडं सायकल नेऊच नका, त्या गर्दीत कोण कुणाची सायकल काढतंय कुणाला कळत नाही.

नवी सायकल आली की त्याच दिवशी उलटी करा, बहुतेक सायकलींना दोन पेडलच्या मधल्या भागाखाली फ्रेम नंबर कोरलेला असतो, त्याचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा.

प्रश्न: वडील यंत्रमागावर जुन्या सायकलनं जातात, मागच्या चाकाला गोल लॉक आहे. पुरतं का? आणि गेलीच तर पोलीस तक्रार घेतील का?
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर: नाही पुरत. चाक फिरत नाही एवढंच, उचलून टेम्पोत टाकली की गेली. साखळी आणि कुलूप घेऊन खांबाला बांधायला सांगा काकांना.

तक्रार मात्र नक्की करा, जुनी आहे म्हणून सोडू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात चोरीचं कलम ३०३, पण ५००० रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र धरतात, म्हणून एफआयआरऐवजी एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद करतील आणि पुढच्या तपासाला कोर्टाची परवानगी लागते. तरी एनसीची प्रत मागून घ्या, फ्रेम नंबर त्यात लिहायला लावा, उद्या कुठं सायकल सापडली तर आपलीच आहे हे दाखवायला तोच नंबर लागतो.