वाचक विचारतात: डाउन्सचं कर्ज नेमकं कोणी फेडलं?

या महिन्यात 'रेड डेड रिडेम्प्शन २' या व्हिडिओ गेमवर इतके प्रश्न आले की जवळजवळ सगळा कॉलम त्यालाच दिलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही अमेरिकेतल्या एका दरोडेखोर टोळीची गोष्ट, डच तिचा म्होरक्या, होझिया त्याचा जुना जोडीदार, मायका टोळीतलाच एक, आणि आपण खेळतो तो नायक आर्थर मॉर्गन. गेम २६ ऑक्टोबर २०१८ चा, तरी अजून लोक पहिल्यांदा खेळतायत आणि अस्वस्थ होऊन लिहितायत, याचा मला खरंच आनंद होतो. खाली शेवटापर्यंतची सगळी कथा आहे, ज्यांचा गेम अर्धा राहिलाय त्यांनी तो आधी संपवा.

प्रश्न: ताई, मी मास कॉमच्या सेकंड इयरला आहे. असाइनमेंटला 'रेड डेड २'मधली दुय्यम पात्रं घेतली आहेत आणि तक्ता केलाय: डच म्हणजे स्वप्न, होझिया म्हणजे विवेक, मायका म्हणजे लोभ, डाउन्स म्हणजे कर्माचं फळ. एवढं पुरेल का? (विद्यार्थी, कर्वेनगर)

तक्ता चुकीचा नाहीये रे, पण त्यातून हाती काही लागत नाही. मायकाला लोभ म्हटलंस की विषय तिथंच संपला, आणि तेच लेबल दुसऱ्या पन्नास गेममधल्या व्हिलनला पण चिकटेल, मग हा गेम कशाला निवडलास? माझं ऐकशील तर प्रत्येक पात्राबद्दल एकच गोष्ट शोध, ह्याचं कोणाकडे काय येणं आहे आणि ह्याच्या डोक्यावर कोणाचं देणं आहे. मी ओढूनताणून नाही सांगत, आर्थर मॉर्गनचं अख्खं आयुष्य ज्या प्रसंगाने फिरतं तो प्रसंगच मुळी वसुलीचा आहे.

टोळीत लिओपोल्ड स्ट्रॉस नावाचा व्हिएन्नाचा माणूस हिशेब बघतो आणि आसपासच्या गरजू लोकांना व्याजाने पैसे देतो, वसुलीला जातो आर्थर. ह्या मिशन्सचं नावच 'मनी लेंडिंग अँड अदर सिन्स' आहे. व्रोबेल नावाचा एक पोलिश शेतकरी आहे, त्याला धड इंग्रजी येत नाही, समोरचा काय म्हणतोय तेच बिचाऱ्याला कळत नाही आणि आर्थर त्याच्या घरातलं किडुकमिडुक उचलून नेतो. आणि दुसरा थॉमस डाउन्स, आजारी, गरिबांसाठी देणग्या गोळा करणारा, बायको एडिथ आणि मुलगा आर्ची यांच्यासमोर आर्थर त्याला मारतो आणि तो खोकताना रक्त आर्थरच्या तोंडावर उडतं, तिथून टीबी. साल १८९९. टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने १८८२ मध्येच शोधला होता पण औषध यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं, म्हणजे त्या क्षणी आर्थरची शिक्षा ठरली. डाउन्सकडून पैसे येत नाहीत, आजार येतो. तू ह्याला कर्माचं फळ म्हणतोयस, पण कर्मफळ म्हटलं की ते वरून कोणीतरी दिलंय असं होतं आणि इथं वरून कोणी काही दिलेलं नाही, एका माणसाने दुसऱ्याची गचांडी धरली, तोंडाजवळ तोंड नेलं, म्हणून झालं. हा फरक असाइनमेंटमध्ये लिहीच.

आपल्याकडच्या वाचकाला तर स्ट्रॉस लगेच ओळखू यायला हवा. १२ मे १८७५ ला आपल्याच पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले होते, दख्खनचे दंगे म्हणून शाळेत शिकलोय आपण. तिथून ते आजूबाजूच्या गावांत पसरले, लोकांचा रोख मुख्यतः कर्जाच्या खतांवर होता, ती हिसकावून जाळायची, माणसांना इजा फार कमी झाली. मग १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. तिकडचं आणि इकडचं एकच होतं असं मी म्हणत नाही, सारावसुली, कापसाचे पडलेले भाव, अशी आपली कारणं वेगळी होती. पण वही ज्याच्या हातात त्याला स्वतःच्या हाताने कोणाला मारावं लागत नाही, हे स्ट्रॉसकडे बघताना पटकन कळतं. आणि लेखकांनी त्याला तिथंच सोडला नाहीये हे मला फार आवडतं. सहाव्या चॅप्टरमध्ये आर्थर खाणीत मेलेल्या लंडनडेरीच्या विधवेचं कर्ज सोडून देतो आणि शेवटी स्ट्रॉसला कॅम्पमधून हाकलतो, पण तोच स्ट्रॉस पुढे टोळीच्या मागावर असलेल्या पिंकर्टन या गुप्तहेर संस्थेच्या तावडीत सापडतो आणि टोळीबद्दल एक शब्द न सांगता मरतो. ज्याने लोकांना पिळलं तो ह्या एका देण्याला पक्का निघाला. तुझ्या तक्त्यात हा कुठल्या खान्यात बसवणार?

आता डच. त्याने आर्थरला पोरवयात सांभाळला आणि आर्थर ते ऋण वीस वर्षं फेडतोय, दरोडे घालून, माणसं मारून, गप्प बसून. तरी तेलाच्या कारखान्यातल्या मारामारीत आर्थर जिवावर अडकलेला असताना डच बघतो आणि निघून जातो. त्याला वाचवतो ईगल फ्लाइज, तिथल्या मूळ अमेरिकन जमातीचा म्हातारा प्रमुख रेन्स फॉल याचा मुलगा, आणि खरं तर डचनेच त्या पोराचा राग आपल्या कामाला वापरून घेतला होता. त्याला तिथंच गोळी लागते. आर्थर आणि टोळीतला चार्ल्स त्याला बापाकडे घेऊन जातात, तिथं तो प्राण सोडतो. हे दोन प्रसंग एका मिशनमध्ये, काही मिनिटांच्या अंतराने ठेवलेत, ते उगाच नाही. मायकाचं तर आणखीनच सरळ आहे, स्ट्रॉबेरीच्या तुरुंगातून आर्थरने त्याला सोडवलं नसतं तर तो फासावर गेला असता, आणि त्या उपकाराची त्याला कधी आठवणसुद्धा येत नाही. होझियाबद्दल तू लिहिलेलं चालेल, तिथं मला फार काही वेगळं म्हणायचं नाही.

प्रश्न: आर्थरने एडिथ आणि आर्चीला एवढी मदत केली, पैसे दिले, तरी ती बाई त्याला माफ करत नाही. मला हे फार टोचलं. निदान त्याला तेवढं समाधान द्यायला हवं होतं असं तुम्हाला नाही वाटत? (गृहिणी, सहकारनगर. मुलाचं बघून मीही खेळले.)

टोचलं हे अगदी बरोबर झालं, पण मला तसं नाही वाटत, आणि ह्या बाबतीत मी एडिथच्या बाजूने आहे. बघा ना, नवरा गेल्यावर तिला सेंट डेनिसमध्ये वेश्याव्यवसाय करावा लागला, मुलगा अ‍ॅन्सबर्गच्या खाणीत गेला. हे सगळं आर्थरमुळे. तो मरायला टेकल्यावर त्याला जाग आली, तो दोनदा मदतीला आला, हातात पैसे ठेवले, म्हणून तिने त्याचं मन हलकं करायचं? मग ती पुन्हा त्याच्याच गरजेसाठी राबणार की. आधी त्याला पैसे हवे होते, आता माफी हवी, दोन्ही वेळा देणारी तीच.

त्या मिशन्सचं नाव बघा, 'डू नॉट सीक अ‍ॅबसोल्यूशन', पापमुक्ती मागू नकोस. आणि आर्थर मागतही नाही, हे त्याचं मोठेपण. तो म्हणतो घ्या आणि इथून जा. मला गेममधला हा भाग सगळ्यात जास्त प्रामाणिक वाटतो, कारण बहुतेक कथांमध्ये अशी बाई नायकाला उजळवून टाकायला ठेवलेली असते, ती रडते, हात जोडते, आणि आपण सुटलो असं आपल्यालाच वाटतं. इथं एडिथ एडिथच राहते. तुम्हाला समाधान हवं होतं ना, ते सिस्टर काल्देरोन या ननच्या प्रसंगात आहे, स्टेशनवर आर्थर कबूल करतो की त्याला भीती वाटतेय आणि त्या बाई शांतपणे ऐकून घेतात. त्यांचं त्याच्याकडे काही येणं नव्हतं म्हणून त्या देऊ शकल्या. (तुम्ही आधी त्यांना मदत केली नसेल तर तिथं टोळीतला पाद्री रेव्हरंड स्वॉनसन भेटतो, दारूत बुडालेला आणि त्यातून वर आलेला, तो प्रसंगही चांगला आहे पण मला सिस्टरच जवळच्या.) आणि आर्थरला स्वतःला काय मिळालं होतं ते पण आठवा, त्याचा मुलगा आयझॅक आणि त्याची आई इलायझा यांना दरोडेखोरांनी दहा डॉलरसाठी मारलं. तेव्हा त्याच्याकडे कोणी माफी मागायला आलं नव्हतं, आणि आलं असतं तर त्याने दिली असती का, हा विचार मी एडिथचा प्रसंग बघताना नेहमी करते.

प्रश्न: एपिलॉगमध्ये जॉनने मायकाला मारून आर्थरचं ऋण फेडलं, हिशेब पूर्ण झाला. बरोबर ना? (आयटीत नोकरी, हडपसर)

नाही हो, इथं तर हिशेब बिघडला. आर्थरने मरण्याआधी जॉनला, टोळीतल्या आपल्या धाकट्या साथीदाराला, आपली टोपी दिली, खांद्याची पिशवी दिली आणि मागे वळून बघू नकोस म्हणून सांगितलं. एवढंच मागितलं होतं. १९०७ मध्ये जॉनकडे बायको आहे, मुलगा आहे, बँकेचं कर्ज काढून घेतलेलं बीचर्स होपचं घर आहे, अ‍ॅबिगेल अगदी गळ्याशी येऊन सांगतेय जाऊ नकोस, तरी तो मायकाच्या मागे डोंगरावर जातो. तिथून टोळीने पूर्वी ब्लॅकवॉटर गावातल्या दरोड्यात लुटलेले पैसे मिळतात, बँकेचं कर्ज फिटतं, लग्न होतं, आणि क्रेडिट्स सुरू असताना एडगर रॉस हा सरकारी एजंट मायकाच्या प्रेतापासून माग काढत बीचर्स होपपर्यंत पोचतो. पुढे १९११ मध्ये काय होतं ते २०१० साली आलेल्या पहिल्या गेममध्ये आहे. बँकेचं फिटलं पण जॉनचं स्वतःचं खातं तिथंच उघडलं.

ह्याच्याशेजारी रेन्स फॉलला ठेवून बघा. त्याचे दोन मुलगे गेले, जमीन गेली, आणि सूड घ्यायला त्याच्याइतकं कारण गेममध्ये कोणाकडेच नाही. तो उरलेल्या माणसांना घेऊन निघून जातो. पहिल्यांदा खेळताना तो आपल्याला थकलेला, हरलेला वाटतो आणि ईगल फ्लाइज शूर वाटतो, निदान मला तसंच वाटत होतं, पण जॉनचा शेवट माहीत झाल्यावर म्हातारा काय जपत होता ते दिसतं. म्हणून माझ्या मते गेमची नैतिक बाजू ठरते ती रेन्स फॉलवर.

प्रश्न: आपल्याकडच्या कथांवर, आपल्या वळणाचा असा एखादा गेम आहे का? मुलीला घेऊन द्यायचाय. (पालक, बिबवेवाडी)

आहे, आणि पुण्यातच बनलाय. 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक', नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० चा. राजी नावाची मुलगी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते आणि दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याबद्दल आपसात बोलत तिची गोष्ट सांगतात, मधले प्रसंग छाया-बाहुल्यांसारखे दाखवलेत. फार मोठा नाहीये, लढाया काही ठिकाणी अवघड आहेत, मुलगी लहान असेल तर शेजारी बसा. 'रेड डेड' मात्र तिला आत्ता नको, तो मोठ्यांसाठीचाच आहे. राजी संपला की गोलूबद्दल तिला काय वाटलं ते तिच्याच शब्दांत लिहून पाठवा, मला वाचायला नक्की आवडेल.